नवा ॲम्प मॉडेलर घेताना काय ऐकावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गिटारसाठीच्या डिजिटल ॲम्प मॉडेलरचे, म्हणजे खऱ्या ॲम्प्लिफायरच्या आवाजाची गणिताने नक्कल करणाऱ्या यंत्राचे, परिचय छापून येतात, तेव्हा यंत्रात किती ॲम्पच्या आणि आवाजावर परिणाम करणाऱ्या किती पेडलच्या प्रतिकृती आहेत, पडदा केवढा आहे आणि प्रोसेसर किती वेगवान आहे याचीच बहुधा मोजदाद असते. बारा वर्षे एकाच मॉडेलरवर वाजवल्यानंतर गेल्या वर्षी मी त्याहून प्रगत मॉडेलर घेतला. ज्या कारणासाठी हा खर्च करावा ते कारण या मोजदादीत कुठेच सापडत नाही, असे माझे मत आहे आणि म्हणून हे पत्र.

जुन्या यंत्राविषयी माझी तक्रार एकच होती. व्हॉल्व्हच्या (निर्वात नळ्यांच्या) खऱ्या ॲम्पवर भरपूर डिस्टॉर्शन (आवाजातली मुद्दाम आणलेली खरखर) ठेवून गिटारवरचा व्हॉल्यूमचा नॉब अर्ध्यावर आणला, की आवाज हळूहळू स्वच्छ होत जातो आणि पिक जोरात लावताच पुन्हा खरखरीत होतो. माझ्या मॉडेलरवर आवाज नुसता लहान होई, त्याचा पोत बदलत नसे. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीचा पॉड हा मॉडेलर आला, त्या काळातल्या यंत्रांची गणनशक्ती बेताची होती आणि त्यांना ॲम्पच्या वागण्याचा ढोबळ आराखडा मांडूनच थांबावे लागे. आजची प्रगत यंत्रे सर्किटमधील घटकांचे परस्परांवरील परिणामही मोजू शकतात. उदाहरणार्थ, तारा जोराने छेडल्या की व्हॉल्व्ह रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) असलेल्या ॲम्पमध्ये पॉवर व्हॉल्व्ह एकदम जास्त विद्युतप्रवाह ओढतात, व्होल्टेज क्षणभर खाली बसते, आणि त्यामुळे स्वर आधी किंचित दबून मग फुलतो. हे ऐकणाऱ्याच्या कानाला कदाचित कळणारही नाही, पण वाजवणाऱ्याच्या बोटांना लगेच कळते आणि त्याप्रमाणे त्याचे वाजवणे बदलते. नव्या यंत्रावर पहिल्याच संध्याकाळी मी नॉब मागे घेऊन पाहिला आणि एवढ्यासाठी आपण इतकी वर्षे थांबलो होतो हे मला उमगले.

दुसरी परीक्षा अलायझिंगची, म्हणजे डिजिटल यंत्रात नको ते बेसूर स्वर उमटण्याची. डिस्टॉर्शनमुळे मूळ स्वराच्या वर अनेक उपस्वर तयार होतात. यंत्र ध्वनीचे सेकंदाला ४८,००० नमुने घेत असेल, तर २४,००० हर्ट्झच्या वरचे उपस्वर त्यात मावत नाहीत आणि उलटे फिरून ऐकू येणाऱ्या पट्ट्यात बेसूर होऊन उतरतात. हे टाळण्यासाठी चांगली यंत्रे डिस्टॉर्शनचे गणित आतल्या आत कितीतरी पट अधिक नमुन्यांवर करतात. विकत घेण्यापूर्वी गेन (डिस्टॉर्शन कमी-जास्त करणारा नॉब) भरपूर वाढवून वरच्या फ्रेटवरचा एकच स्वर सावकाश बेंड करावा, म्हणजे तार ताणून वर चढवावा. स्वर वर चढत असताना त्याच्यामागे काहीतरी खाली घसरत असल्याचे ऐकू आले, तर पडद्यावरची चित्रे कितीही सुबक असली तरी ते यंत्र मी घेणार नाही.

मात्र आवाज कर्कश किंवा डबा वाजवल्यासारखा येतो एवढीच अडचण असेल, तर नव्या यंत्राची घाई करू नये, हेही मला तितक्याच आग्रहाने सांगायचे आहे. गिटारच्या ॲम्पचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे काही बाहेर येऊ देत नाही, आणि आवाजाचा निम्मा स्वभाव तिथेच ठरतो. मॉडेलरमध्ये ते काम इम्पल्स रिस्पॉन्स करतो, म्हणजे एखाद्या कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) आणि त्यापुढे ठेवलेल्या माइकचा ध्वनिठसा. जुन्या यंत्रातील कॅबिनेटची नक्कल बंद करून पुढे चांगला इम्पल्स रिस्पॉन्स लावला, तर कित्येकदा तेच यंत्र ओळखू येत नाही. याउलट, मॉडेलर गिटार ॲम्पला जोडून वाजवताना आतली कॅबिनेटची नक्कल चालूच ठेवणारेही पुष्कळ आहेत. दोन स्पीकर एकामागोमाग लागल्यामुळे आवाज गुदमरतो आणि दोष मॉडेलरला दिला जातो. घरी हळू आवाजात जमवलेला प्रीसेट (नॉबची साठवून ठेवलेली मांडणी) मंचावर बिघडतो, यालाही यंत्र जबाबदार नसते. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि तीव्र स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले होते. घरी आपण ते दोन्ही नकळत वाढवून ठेवतो आणि मंचावर तेच अंगावर येतात.

केम्पर कंपनीचा प्रोफायलर २०११ च्या सुमारास आल्यापासून खऱ्या ॲम्पचा ठसा घेण्याची पद्धत रुजली आणि आता ती न्यूरल नेटवर्कच्या (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय पद्धतीच्या) मदतीने फार अचूक झाली आहे. परंतु असा ठसा सहसा नॉबच्या एकाच मांडणीचा असतो. गेन बराच फिरवला की तो मूळ ॲम्पप्रमाणे वागेलच असे नाही. ज्याला एकच आवडता आवाज हवा आहे त्याला ठसा पुरतो. नॉब फिरवत आवाज शोधणाऱ्याने सर्किटवर आधारलेले मॉडेल पाहावे. तार छेडल्यापासून मॉडेलरमधून आवाज बाहेर येईपर्यंतच्या विलंबाची भीती मात्र मला अतिरंजित वाटते. हवेत ध्वनी ३ मिलिसेकंदांत सुमारे १ मीटर जातो, म्हणजे ॲम्पपासून ३ मीटरवर उभा राहणारा वादक जवळपास ९ मिलिसेकंदांचा विलंब आनंदाने सोसत असतो. डिजिटल वायरलेस, मॉडेलर आणि डिजिटल मिक्सर अशी साखळी असेल, तर सगळ्यांची बेरीज तेवढी करून पाहावी.

आपल्या नियतकालिकात अशा यंत्राचा परिचय छापताना ते कोणत्या स्पीकरवर आणि किती मोठ्या आवाजात ऐकले, हे परीक्षकाने लिहावे, अशी माझी विनंती आहे. दोन यंत्रांची तुलना असेल, तर दोन्हींचा आवाज आधी मोजून सारखा करून घ्यावा, कारण जरासे मोठे वाजणारे यंत्र कानाला नेहमीच सरस वाटते. आणि गिटारचा व्हॉल्यूम मागे घेतल्यावर काय झाले, यासाठी निदान दोन ओळी राखून ठेवाव्यात.

आपला विश्वासू,
एक गिटारवादक वाचक