‘जा’चं ‘गेला’ चालतं, मग ‘गो’चं ‘वेंट’ का खटकतं?

निपाणी

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. सीयूईटीच्या, म्हणजे त्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेच्या, इंग्रजीसाठी क्रियापदांचे तीन रकाने घोकतोयस आणि ‘सिंग-सँग’ तर ‘ब्रिंग-ब्रँग’ का नाही म्हणून वैतागलायस, हे वाचून हसलो. वही जरा मीट.

आपल्या ‘जा’चा भूतकाळ काय? ‘गेला’. त्यात ‘ज’ सापडतो का बघ! ‘जाणे’ संस्कृतातल्या ‘या’ धातूचं, ‘गेला’ मात्र ‘गम्’च्या ‘गत’वरून आलेलं. इंग्रजांनीही हेच केलं. ‘गो’चा जुना भूतकाळ मागे पडला आणि ‘वेंड’ नावाच्या भलत्याच क्रियापदाचं ‘वेंट’ तिथं येऊन बसलं. कन्नड तर वेगळ्याच भाषाकुळातली, तरी स्टँडवर कंडक्टरशी बोलताना ‘बर्तीनि’चं (येतो) ‘बंदे’ (आलो), ‘कोडतीनि’चं (देतो) ‘कोट्टे’ (दिलं) तू बिनचूक म्हणतोस. त्याचा तक्ता कुणी पाठ करून घेतला होता?

रोज तोंडात असतात तीच क्रियापदं वाकडी राहतात. आपलीच बघ: केला, आला, दिला, मेला. वापर कमी झाला की ती सरळ होतात. ‘हेल्प’चा भूतकाळ एकेकाळी ‘होल्प’ होता, आता गुमान ‘हेल्प्ड’. म्हणून वाकड्यांचे कळप कर. ब्रॉट, थॉट, बॉट, सॉट एकत्र. सँग, रँग, ड्रँक एकत्र. ही सगळी जुनी, घरची. ‘टेक’ आणि ‘गेट’वर उत्तरेकडच्या व्हायकिंगांची छाप, पण रोजच्या वापरातली म्हणून तीही वाकडीच.

१०६६ साली फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबारात, कोर्टात फ्रेंच आली, तिच्यामागून पोथ्यांतली लॅटिन. त्या वाटेनं आलेल्या गव्हर्न, पनिश, रिसीव्ह, परमिट यांना डोळे झाकून शेवटी ‘ईडी’ (-ed) लाव. ‘कॅच’ मात्र नॉर्मनांबरोबर येऊनही इथल्यांच्या संगतीनं बिघडलं आणि ‘कॉट’ झालं! तेवढं लक्षात ठेव.

समानार्थी शब्दांना हा इतिहास जास्त कामाला येतो. ‘आस्क’ घरचं, ‘क्वेश्चन’ फ्रेंचांकडून, ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधलं. विचारणं तेच, पण शेवटचं पोलीस ठाण्यातलं वाटतं की नाही? पर्यायांत तिन्ही आले तर वाक्य कुठल्या थाटाचं आहे ते बघून खूण कर. क्लासच्या नोट्समध्ये नुसती यादी असते, म्हणून मला त्यांचा राग येतो.

आणि गंमत म्हणजे विल्यम जोन्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशानं १७८६ साली कलकत्त्यात सांगितलं होतं, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या धातूंचं इतकं साम्य योगायोगानं होणार नाही. इंग्रजी त्याच गोतावळ्यातली. ‘इज’ म्हणजे आपल्या ‘अस्ति’चा भाऊबंद, ‘बी’ ‘भू’चा, ‘नो’ (know) ‘ज्ञा’चा. आपलं ‘जाणणे’ त्याच ‘ज्ञा’वरून. ‘नो’च्या सुरुवातीचा मुका ‘के’ तुला नेहमी छळतो ना? तो पूर्वी उच्चारला जायचा, आणि तो ‘ज्ञा’तल्या ‘ज’च्या जागचाच.

रविवारी येतोयस ना? सेकंड पीयूची (बारावीची) इंग्रजीची वही घेऊन ये, कळप मिळून पाडू. आई विचारत होती, जेवायलाच थांब. काकूंना नमस्कार.

तुझा,
राजा