बंड्यास पत्र: पोरं, नेपोलियन आणि भिंतीवरची पेन्सिल

प्रिय बंड्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. साडेसहा मिनिटांचा, त्यातली चार मिनिटं नुसती तुझं पोरगं इतिहासाच्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपतं ह्याच्यावर. अरे तू तरी कुठं जागा असायचास, मागच्या बाकावर दप्तराआड घोरायचास, मीच उठवायचो. असो. ह्याच भानगडीत मी सहा महिने अडकलोय म्हणून सविस्तर लिहितोय, फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आमच्या गच्चीवर रविवारी सकाळी सात-आठ पोरं जमतात, सहावी ते नववीतली, आमची चिंगी धरून. सुरुवातीला मी युट्यूबवरचे इतिहासाचे कार्टून व्हिडिओ लावले. पोरं खूष, पण नंतर विचारलं तर लक्षात काय, घोडे आणि तलवारींचा खणखणाट. मग म्हटलं हलणारी नकोत, जुनी राजकीय व्यंगचित्रं आणू. चित्र कुठं पळून जात नाही, पाहिजे तेवढा वेळ बघत बसा.

पहिलं आणलं जेम्स गिलरेचं, लंडनचा माणूस, चित्र फेब्रुवारी १८०५ चं. मोठी कलर झेरॉक्स काढली, त्यावरचा सगळा इंग्रजी मजकूर कागद चिकटवून झाकला आणि एवढंच विचारलं, काय दिसतंय? टेबलावर पृथ्वीच्या आकाराचं पुडिंग, वाफा येतायत, एका बाजूला लांबुडका काटकुळा माणूस, दुसऱ्या बाजूला टोपीत भलीमोठी पिसं खोवलेला बुटका, आणि दोघं आपापला तुकडा कापतायत. वाढदिवसाचा केक इथपासून सुरुवात झाली. मग एकाला दिसलं की लांबुड्याचा काटा त्रिशूळासारखा आहे आणि तो समुद्र कापतोय, बुटका तलवारीनं युरोप कापतोय. चिंगी म्हणाली, बुटका खुर्चीतून उठलाय कारण त्याचा हात पुरत नाहीये! मी इतकी वर्षं ते चित्र बघतोय, मला हे सुचलं नव्हतं.

मग सांगितलं, लांबुडका म्हणजे इंग्लंडचा पंतप्रधान पिट, बुटका नेपोलियन. आणि गंमत बघ, त्याच वर्षी ऑक्टोबरात ट्रॅफल्गारला इंग्रजांनी फ्रेंच आणि स्पॅनिश आरमार मोडलं, म्हणजे समुद्र पिटच्या ताटात, आणि डिसेंबरात ऑस्टरलिट्झला नेपोलियननं ऑस्ट्रिया-रशियाला लोळवलं, म्हणजे जमीन ह्याच्या ताटात. चित्र आधी आलं, लढाया नंतर! पोरांनी ह्या दोन तारखा न सांगता वहीत लिहून घेतल्या, जे मी आयुष्यात केलं नाही.

पण खरी मजा पुढे. एकानं विचारलं, नेपोलियन खरंच एवढूसा होता का? नव्हता. साधारण १६८ सेंटिमीटर, त्या काळच्या फ्रेंच माणसांत सरासरीइतकी किंवा थोडी जास्तच उंची. फ्रेंच मोजणीत ती पाच फूट दोन इंच भरते, पण त्यांचा इंच इंग्रजांच्या इंचापेक्षा मोठा, तो घोळ झालाच, वर गिलरेनं त्याला चित्रामागून चित्रांत बुटका काढून ते लोकांच्या डोक्यात पक्कं बसवलं. मग सगळी वरात आमच्या घरी, हॉलच्या भिंतीवर टेप लावून १६८ वर पेन्सिलीची रेघ मारली आणि चिंगीनं मला तिथं उभं केलं. बाबा, तू नेपोलियनपेक्षा बुटका आहेस! सगळी बिल्डिंग हसली रे. पण त्या दिवसापासून पोरं कुठलंही चित्र दिसलं की आधी विचारतात, हे काढलं कुणी? मला एवढंच पाहिजे होतं, सनावळ्या गेल्या खड्ड्यात.

सगळं जमतं असं समजू नकोस. टेनिएल ह्या इंग्रज व्यंगचित्रकाराचं १८९० चं 'ड्रॉपिंग द पायलट' नेलं, जर्मनीचा सम्राट कैसर वरून बघतोय आणि त्यानं घालवलेला चान्सलर बिस्मार्क जहाजाची शिडी उतरतोय, जगप्रसिद्ध चित्र. पोरं पंधरा मिनिटं विमान शोधत होती. पायलट म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा हे सांगेपर्यंत जोक मेला होता.

त्याच टेनिएलचं १८५७ च्या ऑगस्टमधलं चित्र मात्र अंगावर आलं. लंडनच्या 'पंच' ह्या विनोदी साप्ताहिकातलं. सिंह वाघावर झेप घेतोय, वाघाखाली एक बाई आणि लहान मूल पडलंय. पोरं अर्थातच सिंहाच्या बाजूनं. मग सांगितलं की सिंह म्हणजे इंग्रज आणि वाघ म्हणजे आपण. एकदम चिडीचूप. कानपूरला बायका-मुलांची कत्तल झाली होती हे लपवलं नाही, आणि नंतर इंग्रजांनी गावंच्या गावं जाळली, दिसेल त्याला फासावर दिलं, हेही सांगितलं. आठवीतला एक पोरगा म्हणाला, मग काका, आपल्यापैकी कुणी काढलं असतं तर सिंहाखाली कोण असतं? मला काही बोलायला ठेवलंच नाही त्यानं. पुढच्या रविवारी तिघांनी स्वतःची चित्रं काढून आणली.

तुला धोका पण सांगतो. २०१२ आठवतंय ना, व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ चं चित्र, राज्यघटनेच्या गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होतं. संसदेत गदारोळ झाला, चित्र पुस्तकातून वगळायचं ठरलं, योगेंद्र यादव आणि आपले सुहास पळशीकर ह्यांनी त्या पुस्तकाचं सल्लागारपद सोडलं, पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या ऑफिसची मोडतोड पण झाली. मोडतोड करणाऱ्यांचं मला मुळीच पटलं नाही, घटनेचं काम हळू चाललंय एवढंच शंकरना म्हणायचं असणार. पण ज्याच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या खराच चाबूक बघितलाय त्याला तिथं गोगलगाय आधी दिसेल का चाबूक? आमच्या गच्चीवर मी ते चित्र अजून नेलेलं नाही. नेईन, पण आधी बाबासाहेबांबद्दल पोरांशी दोन-तीन रविवार बोलून मग.

तर तू पोराला लेक्चर देऊ नकोस. एक चित्र, शब्द झाकलेले, आणि आपण गप्प बसायचं, हे तुला सगळ्यात अवघड जाणार आहे.

आणि एक काम कर. तुझ्या आबांकडे 'मार्मिक'चे जुने गठ्ठे होते ना, पार साठ सालापासूनचे, माळ्यावरच्या ट्रंकेत? वाळवीच्या आधी तू वर चढ आणि मुखपृष्ठांचे नीट उजेडात फोटो काढून पाठव. पोराला सोबत घे, ट्रंक त्यालाच उघडू दे. दिवाळीत येशील तेव्हा भिंतीपाशी तुलाही उभं करणार आहे, ती रेघ बायकोनं अजून पुसू दिलेली नाही.

तुझाच,
मन्या