गाडी ट्रकमधून, तुम्ही रेल्वेने

म्हापसा, गोवा
१० ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्या गोव्याला राहायला येण्याचा आणि गाडी इकडे आणण्याचा विषय काढला की बाबा, तुम्ही "बघू" म्हणता आणि फोन आईकडे देता. आई म्हणते, "तुझं नि त्यांचं काय ते ठरवा." म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवते आहे. बाबा, चष्मा लावून नीट वाचा.

आपली जुनी गाडी, पद्मिनी, गोव्याला येणार, यात बदल नाही. तुमची अटच तशी होती. गाडी येणार नसेल तर मी नागपूरच्या महालातलं घर सोडून हलत नाही, असं तुम्ही प्रसादला सांगितलंत आणि त्याने ती अट जावयाच्या उत्साहात लगेच मान्यही करून टाकली. पण ती चालवत आणायची नाही. तुम्हीही नाही आणि ओळखीचा "चांगला ड्रायव्हर" देऊनही नाही. नागपूर ते म्हापसा हा हजार किलोमीटरच्या घरातला प्रवास आहे. तुम्ही त्याच गाडीतून आम्हाला कोकणात नेलं होतं, ते मला आठवतंय. पण तेव्हा तुम्ही चाळिशीच्या आतले होता आणि गाडीही तरुण होती. आता शेवटच्या टप्प्यात आंबोलीचा घाट उतरायचा आहे. आपल्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. लांब उतारावर ड्रम तापले की पाय खाली जातो आणि गाडी मात्र थांबत नाही, हे मला तुम्हीच शिकवलं आहे.

तुम्ही पाठवलेलं पेपरचं कात्रण मिळालं. कोकण रेल्वेने यंदा गणपतीत कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी, गाड्या रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेणारी रो-रो सुरू केली, एका गाडीला ७,८७५ रुपये, सगळं खरं आहे. ट्रक तर तिथून १९९९पासून जातायत. मुंबई-ठाण्याच्या माणसाला ही सोय छानच. पण बाबा, कोलाड रायगड जिल्ह्यात आहे. तिथपर्यंत पोहोचायला तुम्हाला आधी आठशे किलोमीटर गाडी चालवावी लागेल आणि वर ताम्हिणी घाट उतरावा लागेल. कात्रण पाठवताना हे तुमच्या लक्षात आलं नसेल असं मी समजत नाही!

आता ट्रान्सपोर्टचं. गाड्या पोचवणाऱ्या एखाद्या साइटवर एकदा नंबर टाकला की पुढे आठवडाभर फोन थांबत नाही. "मॅडम, आजच बुक करा, उद्या रेट वाढेल." यातल्या निम्म्याअधिक लोकांकडे स्वतःचा एकही ट्रक नसतो. ते दलाल. तुमच्याकडून टोकन घेतात आणि काम ज्याला स्वस्तात पडेल त्याला देतात. गाडी कुणाच्या ट्रकमध्ये आहे हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नसतं. आमच्या ऑफिसातल्या एकाने अशीच जुनी जीप उत्तरेतून मागवली. सर्वांत कमी भाव त्या दलालाचाच होता. जीप गोव्याच्या हद्दीत आल्यावर फोन आला की टोल वाढला, हमाली वेगळी, आधी पैसे टाका मग उतरवतो. जीप मिळाली तेव्हा किलोमीटरचा काटा बराच पुढे गेलेला. म्हणजे मधला काही रस्ता ती ट्रकवर नव्हतीच, कुणीतरी हाकत आणली होती.

त्यामुळे मी प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारले. ट्रक तुमचा की भाड्याचा? गाडी वाटेत कुठे उतरवणार का? आणि ट्रकचा नंबर व ड्रायव्हरचं नाव पावतीवर आधी लिहून देणार का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांनी फोन ठेवला.

उघड्या ट्रेलरचा भाव १८,००० रुपये आला. ते तुम्ही हायवेवर पाहता ते दुमजली, नव्या गाड्या नेणारे. त्यात वाईट काही नाही, शोरूमच्या गाड्या तशाच येतात. पण नागपूरहून गोव्याला भरलेला ट्रेलर थेट निघत नाही. आधी पुण्याला किंवा भिवंडीला आवारात उतरवणार, गोव्याकडच्या आठ गाड्या जमेपर्यंत उन्हात उभी ठेवणार, मग दुसऱ्या ट्रेलरवर चढवणार. प्रत्येक वेळी कुणीतरी नवा पोरगा आपल्या गाडीत बसणार. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर त्याने जन्मात पाहिलेला नसणार, आणि डॅशबोर्डखालचा ओढायचा हँडब्रेक तर त्याला सापडणारच नाही. मला भीती रस्त्याची नाही, या पोरांची आहे.

म्हणून बंद कंटेनर घेतला. एकटी आपलीच गाडी, नागपूरला भरली की म्हापशातच उतरेल. ४६,००० रुपये. आई, ऐकून डोळे मोठे करू नकोस. पैसे मी आणि प्रसाद देतोय आणि बाबांनी त्यावर बोलायचं नाही. कंपनी नागपूरजवळच्या वाडीची आहे, अमरावती रोडवर त्यांचं स्वतःचं आवार आहे. बाबा, दुपारी ऊन उतरल्यावर एकदा जाऊन बघून या. तिथे माल चढवायला ट्रकच्या उंचीचा धक्का आहे की नाही, एवढंच पाहा. धक्का असेल तर गाडी सपाट आत जाते. नसेल तर ते लोखंडी फळ्या लावून चढवतात. त्या चढावर आपल्या गाडीचा सायलेन्सर घासणार म्हणजे घासणार.

दुसरं, त्यांना सतरा फुटी कंटेनरच पाठवायला सांगा. आपली पद्मिनी तेरा फुटांना दोन बोटं कमी आहे. चौदा फुटीत ती बसते, पण मग पुढे-मागे पट्टे बांधायला जागा उरत नाही. रुंदीला ती पावणेपाच फूट. आत गेल्यावर दोन्ही बाजूंना जेमतेम फूटभर जागा. दार अर्धंही उघडत नाही. गाडी आत नेणारा माणूस वळवळत बाहेर येतो. तुमचे गुडघे बघता तो माणूस तुम्ही नसाल. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चौघांनी हळूहळू ढकलायची, मागाहून गिअरमध्ये टाकायची, हँडब्रेकच्या भरवशावर राहायचं नाही.

बांधण्यावर मात्र तुमची नजर हवी. पट्टे टायरवरून जायला हवेत. चासीला किंवा बंपरला पट्टा आवळला की खड्ड्यात स्प्रिंग दबतं, पट्टा सैल होतो, पुन्हा झटका बसतो, आणि हजार किलोमीटर हेच चालतं. टायर बांधला की खाली चाक घट्ट आणि वर गाडी आपली हलायला मोकळी. प्रत्येक चाकाला पुढून-मागून लाकडी गुटके. पेट्रोल पाव टाकीच्या आत, बॅटरीची एक तार काढून टेप गुंडाळलेली. चाकांच्या क्रोमच्या टोप्या आधीच काढून घरी ठेवा. त्या कुणी चोरतं असं नाही, पण पडल्या तर आता मिळत नाहीत.

फोटो काढा. चारही बाजू, छत, काचा, आतलं कापड, किलोमीटरचा काटा. डाव्या मागच्या दाराला ती जुनी पोच आहे, तिचाही काढा, नाहीतर उगाच त्यांच्या नावावर जाईल. फोटोत त्यांचा माणूस दिसला तर उत्तम.

आता विमा. हा भाग कंटाळवाणा आहे पण यावरच मी सर्वांत जास्त वेळ घालवला. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीवर वाहतुकीची भिस्त ठेवू नका. तुमची तर थर्ड पार्टीच आहे, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती. आणि ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिल्टीवर, म्हणजे माल घेतल्याच्या पावतीवर, मागे बारीक अक्षरात "मालकाच्या जोखमीवर" असं छापलेलं असतं. २००७च्या कॅरेज बाय रोड कायद्याखाली त्यांची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच. मालाची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे अठरा हजारांच्या ट्रेलरवर फार तर एक लाख ऐंशी हजार. आपल्या गाडीची किंमत बाजारात किती, आणि तुमच्या लेखी किती, यावर मी वाद घालणार नाही. मी वेगळा ट्रान्झिट विमा घेतलाय, त्यात रक्कम आधीच ठरवून लिहून घेतली आहे. नुकसान झालंच तर ट्रान्सपोर्टवाल्याला १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, पण आपण थांबायचं नाही. म्हापशाला कंटेनर उघडल्या उघडल्या गाडी पाहून शेरा लिहूनच पावतीवर सही करू.

आई, हे तुझ्यासाठी. डिकीत काही भरायचं नाही. तांब्याचा बंब नाही, पाटे-वरवंटे नाहीत, लोणच्याच्या बरण्या तर अजिबात नाहीत. गाडी रिकामी असेल या अटीवर विमा आहे. तुझं सामान वेगळ्या टेम्पोने येईल, त्याची यादी तू कर. पन्नास वर्षं त्या गाडीला घरात पहिला मान मिळाला म्हणून तुझी तक्रार होती ना, या वेळी तुझं सामान आधी निघेल. मी तारीखच तशी घेतलीय.

कागदपत्रांपैकी आरसी बुक, विमा, पीयूसी आणि तुमच्या आधारची प्रत, एवढं गाडीबरोबर. मूळ आरसी देऊ नका, झेरॉक्स द्या. नागपूरच्या आरटीओतून एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, मात्र निघण्याआधीच काढा. एक वर्षापेक्षा जास्त गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि एनओसीसाठी म्हापशाहून नागपूरला फेऱ्या कोण मारणार? जुन्या गाड्यांना नवी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबरपाटी लागते, ती लावली नसेल तर खिडकीवर अडवतील. तेही पाहा.

शिंदे काकांनी तुमच्या डोक्यात भरवलेलं ते व्हिंटेज नोंदणीचं खूळ, त्याचा मी अभ्यास केला. २०२१चा केंद्राचा नियम आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते. आपली १९७४ची, 'प्रीमियर प्रेसिडेंट' या गाडीचं नाव पद्मिनी झालं त्याच वर्षीची, म्हणजे बसते. मान मोठा. पण अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बस. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात तुम्हाला ती न्यायची असेल, आणि मला माहीत आहे की न्यायची आहे, तर साधी नोंदणीच ठेवू. मिरवायचं असेल तर एखाद्या दिवशी नुव्याला जुन्या गाड्यांचं अश्वेक व्हिंटेज वर्ल्ड बघायला जाऊ.

इकडची तयारी झाली आहे. आमच्या खोर्लीच्या गल्लीत कंटेनर शिरत नाही, वर वायरी लोंबतात. म्हणून तो करासवाड्याला थांबेल. तिथे प्रसादच्या मित्राचं गोदाम आहे, त्याला धक्का आहे. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की ड्रायव्हर मला फोन करील. समुद्र आपल्यापासून लांब असला तरी इथली हवा लोखंड खाते. नागपूरची कोरडी हवा त्या पत्र्याने पन्नास वर्षं उपभोगली. म्हणून शेड तिन्ही बाजूंनी बंद करून घेतली आहे आणि पहिल्या पावसाच्या आत खालून रंग मारायचा आहे. एक म्हातारे मिस्त्री सापडलेत. पूर्वी इथल्या काळ्या-पिवळ्या फियाट तेच बघायचे. मी गाडीचं सांगितलं तर हातातला पाना खाली न ठेवता म्हणाले, "हाड गो, पळोवया," म्हणजे आण गं, बघू. त्यांचा एकच आग्रह आहे. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपाचा पडदा खराब होतो, ते आल्या आल्या बदलू म्हणतात.

तुमची तिकिटं नागपूर-मडगाव स्पेशलची काढते, ती थिवीला थांबते आणि थिवीहून घर जवळ. दोन खालचे बर्थ मिळेपर्यंत तारीख पक्की धरू नका.

आणि बाबा, महालातल्या बोळातून वाडीपर्यंत गाडी तुम्हीच चालवत न्यायची. त्यावर मी काही म्हणत नाही. फक्त सकाळी आठच्या आत निघा आणि शेजारी आईला नाही, शिंदे काकांना बसवा. येताना ते तुम्हाला घरापर्यंत सोबत करतील, मी बोलून ठेवलंय.

मिस्त्रींनी विचारलंय की कार्ब्युरेटर मूळचाच आहे की मध्ये बदलला होता. बॉनेट उघडून बघा आणि फोटो पाठवा. आईच्या हातात फोन देऊ नका, तिचा अंगठाच येतो फोटोत.

तुमची,
मीनल