ती कॅमेऱ्याची करामत नव्हे, कुत्र्याची

संपादक महोदय,

शहरात नुकत्याच झालेल्या मूकपटांच्या खेळाची बातमी आपल्या रविवारच्या अंकात वाचली. बस्टर कीटन या अमेरिकन विनोदी नटाच्या ‘द स्केअरक्रो’ (बुजगावणं) या 1920 सालच्या लघुपटाबद्दल तिच्यात म्हटलंय की, कुत्र्याचा तो गाजलेला पाठलाग म्हणजे ‘कॅमेऱ्याची करामत’. त्या खेळाला नातवाला घेऊन मीही गेलो होतो. माझी सगळी नोकरी पोलिसांच्या श्वान पथकात गेली. माणसांच्या अभिनयातलं मला फारसं कळत नाही, पण कुत्र्याने केलेलं काम दुसऱ्याच्या नावावर चढवलेलं पाहवत नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. खिडकीत ठेवलेला ‘क्रीम पाय’ नावाचा गोड पदार्थ कुत्रा फस्त करतो, तोंडाला पांढरा फेस दिसतो आणि कीटनला वाटतं, हा पिसाळला. मग तो पुढे आणि कुत्रा मागे. छप्पर नसलेल्या एका पडक्या घराच्या भिंतींवरून दोघं गोल गोल धावतात. कीटन वर चढला तर कुत्राही शिडीने वर. पुढे गवताचं यंत्र, बुजगावण्याचे कपडे, पळून जाऊन लग्न वगैरे आहे, पण मला विचाराल तर पाठलाग संपला की लघुपटातला जीव संपला.

आता शिडीचं बघा. कुत्र्याला शिडी चढवणं आम्हीही शिकवतो. पुढचे पाय तो लवकर ठेवतो, कारण ते त्याला दिसतात. खरी अडचण मागच्या पायांची. आपले मागचे पाय नेमके कुठे पडताहेत हे कुत्र्याला सहसा ठाऊकच नसतं. म्हणून आधी शिडी जमिनीवर आडवी ठेवून पायऱ्यांमधून चालवायचं, मग थोडा उतार द्यायचा, मग आणखी उभी करायची, आणि दर वेळी मागचा पंजा हाताने धरून पायरीवर ठेवायचा. घाई केली आणि कुत्रा एकदा सटकला, तर पुढे महिनोन्‌महिने तो शिडीकडे फिरकत नाही. पडद्यावर दिसतो तो कुत्रा शिडीपाशी अडखळत नाही. भिंतीच्या अरुंद माथ्यावर पळतानाही दचकत नाही. ही तयारी कॅमेरा करून देत नाही.

त्या कुत्र्याचं नाव ल्यूक. जाडजूड डोक्याचा, टेरियर जातीतला. तो रॉस्को आर्बकल या विनोदी नटाचा आणि त्याच्या बायकोचा, मिंटा डर्फीचा. ‘फॅटीज फेथफुल फायडो’ (1915) वगैरे आर्बकलच्या लघुपटांत त्याने आधीच नाव कमावलं होतं. कीटन सिनेमात आला तोच मुळी 1917 मध्ये आर्बकलच्या कंपनीत, म्हणजे या पाठलागाच्या वेळी माणूस आणि कुत्रा एकमेकांना चांगले ओळखत होते. माझ्या लेखी सगळी गोम इथंच आहे. ओळखीचा माणूस पळाला की कुत्र्याला तो खेळ वाटतो. ल्यूक चावायला धावत नाहीये, खेळायला धावतोय. चाव्यावर सोडलेला कुत्रा इतका वेळ माणसाच्या मागे नुसता गोल गोल फिरत नाही, तो पहिल्याच वळणाला बाही धरतो.

आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या माणसालाच सुचेल. मूकपटात आवाज मुद्रित होत नसे, म्हणून कुत्र्याला शिकवणारा कॅमेऱ्याशेजारी उभा राहून खुशाल ओरडून हुकूम देऊ शकत असे. बोलपट आले आणि ही सोय गेली. हाताच्या खुणांवर कुत्रे नव्याने बसवावे लागले. आम्हालाही रात्रीच्या कामाला तोंड बंद ठेवून बोटांनीच बोलावं लागायचं, तेव्हा त्यातला फरक मला चांगला ठाऊक आहे.

आता तक्रार. त्या खेळात लघुपट इतका जोरात पळवला की ल्यूकची दुडकी चाल उंदराच्या तुरतुरीसारखी दिसत होती. मूकपट हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर, सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रांच्या वेगाने घेतले जात. बोलपटांचा वेग ठरला चोवीस. सोळाचं चित्रण चोवीसने दाखवलं तर सगळं दीडपट पळतं. विनोदी लघुपटांत थोडी घाई मुद्दाम ठेवलेली असे हे मान्य, पण तिच्यावर आपली आणखी घाई कशाला? घरी नातवाने मोबाइलवर तोच लघुपट वेग कमी करून लावला, तेव्हा कुत्र्याची पावलं एकेक करून दिसली. बातमीदारालाही ती दिसली असती तर ‘करामत’ हा शब्द त्याने वापरला नसता असं मला वाटतं.

मुलं बरीच आली होती म्हणून एक सांगून ठेवतो. पिसाळलेला कुत्रा नेहमी तोंडाला फेस आणून मागे धावतोच असं नाही. घसा लुळा पडून त्याला गिळता येत नाही, म्हणून लाळ गळते. काही कुत्रे तर गुपचूप कोपऱ्यात पडून राहतात. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठून लस घ्यायची. हळद-चुना भरत बसायचं नाही. खेळाच्या आधी कुणीतरी हे दोन मिनिटांत सांगायला हवं होतं.

दादासाहेब फाळक्यांचं हे गाव. 1914 मध्ये ‘पिठाचे पंजे’ नावाचा विनोदी लघुपट त्यांनी केला होता. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली, तशी ‘स्केअरक्रो’मध्ये नायिकेच्या बापाची भूमिका कीटनच्या सख्ख्या वडिलांनी केली आहे. घरची माणसं आणि घरचे कुत्रे घेऊन तेव्हा सिनेमा होत असे. पांडवलेण्याच्या पायथ्याच्या फाळके स्मारकात असे लघुपट मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत दाखवता येतील. शंभर वर्षं उलटून गेल्याने अमेरिकेत ‘स्केअरक्रो’वर कुणाचा हक्क उरलेला नाही, आणि लांबी म्हणाल तर जेमतेम वीस मिनिटं. फक्त वेग तपासून घ्यावा, तबला-पेटीवाला कुणी मिळाला तर बसवावा, आणि बाहेरच्या फलकावर कीटनच्या शेजारी ल्यूकचंही नाव लिहावं.

कुणी हे मनावर घेतलं तर आमच्या घरची लॅब्रेडोर घेऊन मी येईन. वयामुळे शिडी आता तिच्याच्याने होत नाही, पण बॉलसाठी कुत्रं काय काय करतं ते मुलांना समोर बघता येईल.

आपला,
एक निवृत्त श्वान हस्तक,
सिडको, नाशिक