पहाटे ३.४० चा मेसेज

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईशी रोज बोलणं होतं. तुमच्याशी मात्र "मी बरा आहे, तू कशी आहेस" याच्या पुढं गाडी सरकत नाही. फोनवर तुम्ही विषय बदलता, कागदावर बदलता येणार नाही, म्हणून हे पत्र.

गेले दोन महिने सकाळी उठून फोन बघते तर तुमच्या मेसेजवर वेळ असते रात्री १२.१०. त्यात साडेतीन तास मिळवले की तिकडचे ३.४०. आधी वाटलं, एखाद्या दिवशी जाग आली असेल. मग मागचे सगळे मेसेज चाळले. १२.०५, १२.२०, ११.५०, पुन्हा १२.१०. आईला विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की तुम्ही तीनच्या सुमाराला उठता, दार हळूच ओढून घेता आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीत अंधारातच बसून राहता, तिची झोपमोड होऊ नये म्हणून दिवासुद्धा लावत नाही. बाबा, ती जागीच असते. तुमच्या पावलांचा आवाज परत येईपर्यंत तिचा डोळा लागत नाही.

मला हे इतकं लागलं त्याला कारण आहे. मागच्या हिवाळ्यात माझं हेच झालं होतं आणि मी तुम्हा दोघांना कळू दिलं नाही. ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली आणि त्याच आठवड्यात पहिल्यांदा तीनला टक्क जाग आली. पुढं नोकरी राहिली, पण जाग काही जाईना. हीटरच्या पाइपमधून अधूनमधून टक् असा आवाज यायचा. मी हात लांबवून फोन उचलायचे. ३.०७. लगेच मनात हिशेब सुरू, आत्ता डोळा लागला तर साडेतीन तास मिळतील. कूस बदलायची, डोळे घट्ट मिटायचे. पुन्हा फोन. ३.४१, म्हणजे आता तीनच तास. उशी उलटी केली की गार बाजू गालाला लागायची आणि दोन मिनिटं बरं वाटायचं. ४.२० पर्यंत छाती धडधडायला लागायची, उद्या चार माणसांत तोंडातून शब्द फुटणार नाही अशी खात्रीच व्हायची. मग सहाच्या सुमाराला अशी गाढ झोप यायची की पावणेसातचा गजर कानाला टोचायचा.

त्यावर मी जे केलं ते कोणीही करेल. झोप कमी होतेय ना, मग लवकर आडवं व्हायचं. रात्री नऊलाच पाठ टेकायला लागले. रविवारी दहापर्यंत लोळत पडायचे. दुपारी डोळे जड झाले की कॉफी. तीन महिने असे काढले आणि शेवटी इथल्या डॉक्टरांकडे गेले. वाटलं होतं गोळी देतील. त्यांनी बरेच प्रश्न विचारले, थायरॉइडची तपासणी करायला सांगितली आणि दोन आठवडे झोपेची वही लिहायला लावली. किती वाजता अंथरुणात गेले, अंदाजे कधी झोप लागली, कधी जाग आली, शेवटी कधी उठले, एवढंच. तेही सकाळी उठल्यावर, अंदाजानं, रात्री घड्याळ न बघता.

दोन आठवड्यांनी बेरीज केली. अंथरुणात रोज सरासरी साडेनऊ तास आणि त्यातली झोप पावणेसहा तास. उरलेले पावणेचार तास मी रोज अंथरुणात जागं राहण्याचा सराव करत होते! घरखर्चाची वही तुम्ही इतकी वर्षं लिहिलीत, हा आकडा तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर उमगेल.

आता तीनलाच का जाग येते ते सांगते, कारण ते कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. आपल्या झोपेवर दोन गोष्टींचा ताबा असतो. अलेक्झांडर बोर्बेली या स्विस संशोधकानं १९८२ साली हे नीट मांडलं. एक म्हणजे झोपेची भूक. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोप अनावर होत जाते. दुसरं म्हणजे शरीरातलं घड्याळ. ते उजेड-अंधारावर चालतं आणि कधी झोपायचं, कधी उठायचं याची वेळ ठरवतं. रात्रीच्या पहिल्या भागात भूक जबरदस्त असते, गाढ झोप बहुतेक तेव्हाच उरकते. चार-पाच तासांनंतर ती भूक बरीचशी भागलेली असते आणि पुढची झोप पातळ होते, स्वप्नांची होते. त्यातच पहाटेकडे शरीर उठायच्या तयारीला लागतं, जागं व्हायला मदत करणारं कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढायला लागतं. अशा वेळी एखादा आवाज, लघवीची भावना किंवा मनातला एखादा घोर जागं करायला पुरतो. जाग येणं हा आजार नाही, झोपेच्या एका फेऱ्यातून दुसऱ्यात जाताना ती सगळ्यांनाच येते, फक्त सकाळी आठवत नाही. वय वाढतं तशी गाढ झोप कमी होते आणि घड्याळही अलीकडे सरकतं, म्हणून तुमच्या वयात हे जास्त जाणवणार. पण रोज तास-दोन तास तळमळणं हे वयाच्या खात्यावर टाकून गप्प बसायचं नाही.

तुम्ही विचाराल, हे कुठून आणलंस? मला जी पद्धत शिकवली तिला सीबीटी-आय म्हणतात, निद्रानाशासाठीची विचार आणि वर्तनाची चिकित्सा. अमेरिकेतल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेनं २०१६ साली सांगितलं की जुनाट निद्रानाशावर आधी हाच उपाय करावा, गोळ्यांचा विचार त्यानंतर. तिच्यातला एक भाग रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञानं १९७२ साली मांडला आणि त्यानंच माझं काम केलं. अंथरूण फक्त झोपेसाठी. झोप आली की आडवं व्हायचं. जाग आली आणि साधारण पंधरा-वीस मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही) किंवा चिडचिड सुरू झाली, की सरळ उठायचं. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी शांत, कंटाळवाणं करत बसायचं. पापण्या जड झाल्या की परत जायचं. पुन्हा नाही लागली तर पुन्हा उठायचं. आणि रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ एकच.

पहिल्या रात्री मला हे शिक्षेसारखं वाटलं. पांघरुणातली ऊब सोडून गार फरशीवर पाय ठेवायचा! घड्याळाचं तोंड मी भिंतीकडे फिरवलं होतं, फोन बाहेर ठेवला होता. खुर्चीत गुडघ्यांवर शाल घेतली आणि पिशवीतली गुंता झालेली लोकर काढली. एक टोक शोधायचं, गाठीतून ओवून काढायचं, बोटावर गुंडाळायचं, अडलं की मागं यायचं. हात गुंतलेले आणि मन रिकामं. किती वेळ गेला कळलं नाही, पण एकदा मान पुढं कलली आणि लोकरीचा गोळा मांडीवरून खाली घरंगळला. तेव्हा जाऊन पडले. सकाळी गजरानंच उठवलं.

रोज असं झालं नाही. पहिले दोन आठवडे तर दिवस ढकलले, कारण डॉक्टरांनी अंथरुणातला वेळच कापला होता. साडेअकराच्या आधी आडवं व्हायचं नाही आणि पावणेसहाला उठायचं. ही युक्ती आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाची, १९८७ सालची. वेळ कमी केला की भूक साठते, झोप सलग होते, मग थोडा थोडा वेळ वाढवायचा. तुम्ही मात्र हे स्वतःहून करू नका. दिवसा पेंग येते, तोल जाऊ शकतो, गाडी चालवणं धोक्याचं होतं. तुमच्यासाठी त्याची सौम्य आवृत्ती पुरेल, आणि तीसुद्धा डॉक्टरांना विचारून.

आता तुमचा दिवस. आई म्हणते, संध्याकाळी साडेसातला तुम्ही टीव्हीसमोर मान टाकता, तास-दीड तास तिथंच झोपता, मग ती उठवते आणि नऊला अंथरुणात जाता. बाबा, नऊला झोपलेला माणूस तीनला उठला तर त्याची सहा तासांची झोप झाली. वर टीव्हीसमोरची डुलकी. तीनपर्यंत भूक भागलेली असते, म्हणून शरीर उठतं. दोष तीन वाजण्यात नाही, साडेसातच्या डुलकीत आहे. तेव्हा आधी संध्याकाळ बदला. सूर्य मावळायच्या आत, उजेड असताना बाहेर फिरून या. साडेसातला खुर्चीत टेकायचं नाही, पायावर राहायचं, आईशी बोलायचं, हवं तर मला फोन करायचा, मी तेव्हा मोकळीच असते. अंथरुणात साडेदहाच्या आधी नाही. दुपारी पडायचं तर तीनच्या आत आणि वीसेक मिनिटंच. पहाटे लवकर जाग आली तर गॅलरीत जाऊन उजेड अंगावर घेऊ नका, पहाटेचा उजेड घड्याळ आणखी अलीकडे ओढतो. संध्याकाळचा उजेड ते पुढं ढकलतो. तुम्हाला तेच हवं आहे.

आणि खुर्चीत अंधारात बसू नका. कोपऱ्यातला छोटा दिवा लावा, आईला मी सांगितलं आहे. पत्ते मांडून पेशन्स खेळत बसा. फोन नको, बातम्या तर अजिबात नको. मला मेसेज करायचा असेल तर सकाळी करा. मला तो सहाला मिळाला काय आणि नऊला मिळाला काय, सारखाच.

आता जे विचारायला जड जातं ते विचारते. हे सगळं काका गेल्यापासून सुरू झालं ना? तेराव्या दिवसानंतर तुम्ही त्यांच्याबद्दल एकदाही बोलला नाहीत. पहाटे तीनला ते आठवत असतील तर ते स्वाभाविक आहे, तुमचा धाकटा भाऊ होता. पण पहाटे लवकर जाग येणं, पुन्हा झोप न लागणं, आणि त्याबरोबर कशातच मन न लागणं, जेवणावरची इच्छा जाणं, दिवसाची सुरुवातच जड वाटणं, हे सगळं एकत्र आलं तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर औषध आहे, उपचार आहेत. तुम्ही खंबीर आहात हे मला माहीत आहे, त्याचा इथं संबंध नाही. डॉक्टरांना हे शब्दांत सांगा. नाही सांगवलं तर पत्राची ही ओळ दाखवा.

त्याच वेळी आणखी काही विचारून घ्या. ब्लडप्रेशरसाठी तुम्हाला लघवी वाढवणारी गोळी आहे का, आणि ती संध्याकाळी घेताय का? वेळ स्वतःहून बदलू नका, त्यांनाच विचारा. आई म्हणते तुम्ही घोरता आणि मधेच श्वास थांबल्यासारखा होतो. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत हा त्रास वाढतो आणि त्यानंही जाग येते, त्यासाठी वेगळी तपासणी असते. शेजारच्या कोणी दिलेली झोपेची गोळी मात्र तोंडात टाकू नका. तुमच्या वयात त्यानं तोल जातो, पडायला होतं.

मला अजूनही महिन्यातून चार-पाचदा जाग येते. परवा आली होती. पूर्वी त्या क्षणी पोटात गोळा यायचा, आता मी उठते, शाल घेते, लोकरीची पिशवी काढते. एक निळा गुंता अजून सुटलेला नाही.

पाकिटात एक कोरी वही घालते आहे. पहिल्या पानावर मी रकाने आखून दिले आहेत, तुम्हाला आवडतात तसे, पट्टीनं. अंथरुणात कधी, झोप कधी, जाग किती वेळा, उठलो कधी, दिवसा डुलकी. वरची ओळ नमुना म्हणून माझी भरली आहे: ११.३०, ११.४५, एकदा, ५.४५, नाही. त्याखालची तुमची. सात दिवस झाले की त्या पानाचा फोटो काढून पाठवा, आपण फोनवर बसून बेरीज करू.

आईला नमस्कार सांगा. तिच्यासाठी वेगळं पत्र लिहिते आहे, पण ती हेही वाचणार हे मला ठाऊक आहे.

तुमची,
धाकटी