चि. सोनूस: विषय संपलेला नाही

धरमपेठ, नागपूर
वैशाख

चि. सोनू यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे बोललास ते मनातून जात नाही. "आई, कोलेस्टेरॉलचे सगळे ब्राऊन आणि गोल्डस्टाइन यांनी शोधून ठेवले आहे, ते उतरवणारी स्टॅटिनची गोळी गल्लोगल्ली मिळते, मग मी या संशोधनात पाच वर्षे कशासाठी घालवू?" असे तू विचारलेस, आणि त्याला जोडूनच, चार महिने झाले तरी प्रयोगशाळेत वाढवलेल्या तुझ्या पेशी औषधाला दाद देत नाहीत, असेही सांगितलेस. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. मेदाच्या चयापचयावर मी तीस वर्षे काम केले आहे. तेव्हा या दोन्ही गोष्टींचे उत्तर तुला माझ्याकडून लेखी मिळावे, असे वाटले.

विषय संपला असे 1964 सालीही म्हणता आले असते. कॉनराड ब्लॉख आणि फेओडोर लिनेन यांना त्या वर्षी नोबेल मिळाले. ब्लॉख यांनी खूण घातलेले अ‍ॅसिटेट वापरून दाखवून दिले होते की कोलेस्टेरॉलमधले 27 च्या 27 कार्बन अणू व्हिनेगरमध्ये असतो त्या दोन कार्बनच्या साध्या रेणूतून येतात, 15 त्याच्या मिथाइल टोकाकडून आणि 12 कार्बॉक्सिल टोकाकडून. एम.एस्सी.ला असताना मी ही आकडेवारी वहीत उतरवून घेतली तेव्हा रात्री बराच वेळ झोप लागली नव्हती. एवढ्या क्लिष्ट रेणूच्या प्रत्येक अणूचे मूळ गाव कोणीतरी शोधून काढले होते, आणि तरीही हा सगळा कारखाना शरीर कधी चालू करते आणि कधी थांबवते, हे त्या उत्तरात नव्हते.

ते ब्राऊन आणि गोल्डस्टाइन यांनी शोधले. लहान वयातच हृदयविकाराचे झटके येणाऱ्या, रक्तात कोलेस्टेरॉल कित्येक पटींनी जास्त असणाऱ्या मुलांच्या त्वचेतील पेशी त्यांनी बशीत वाढवल्या आणि निरोगी पेशींशी ताडून पाहिल्या. निरोगी पेशींना एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, दिले की त्या स्वतःचे कोलेस्टेरॉल बनवणे थांबवत. या मुलांच्या पेशी थांबत नसत, कारण एलडीएल पकडून आत घेणारा रिसेप्टरच त्यांच्याकडे नव्हता. या कामाला 1985 साली नोबेल मिळाले. तू म्हणतोस तो शेवट हाच. परंतु फ्रान्समधील काही कुटुंबांत रोग तोच असूनही रिसेप्टरच्या जनुकात दोष नव्हता, आणि ज्या प्रथिनाला तो रिसेप्टर धरतो त्याच्या जनुकातही नव्हता. या न जुळणाऱ्या कुटुंबांमुळे 2003 साली पीसीएसके9 हे प्रथिन हाती आले. रिसेप्टर साधारण दर दहा मिनिटांनी पेशीत एक फेरी मारून पृष्ठभागावर परततो; पीसीएसके9 त्याला चिकटले की तो परत न येता आतच नष्ट होतो. त्यावरची औषधे 2015 साली बाजारात आली. ज्या दशकांत विषय संपल्यासारखा दिसत होता, त्या सर्व काळात हे प्रथिन तुझ्या-माझ्या रक्तात फिरत होते.

जपानी शास्त्रज्ञ आकिरा एंडो यांचेही तसेच. सुमारे 6,000 बुरशी-जीवाणू तपासून त्यांनी तांदळावरच्या पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीतून 1973 साली पहिले स्टॅटिन वेगळे केले, आणि ते उंदरांना दिले तर कोलेस्टेरॉल उतरेना. औषधाने कोलेस्टेरॉल बनवण्यातले एन्झाइम अडवले की उंदराचे यकृत तेच एन्झाइम कितीतरी अधिक बनवते, हे पुढे कळले. त्यांनी ते कोंबड्यांना दिले आणि कोलेस्टेरॉल उतरले. उंदरांपाशीच ते थांबले असते तर आज तुझ्या टेबलावर ती बाटली नसती.

मात्र न जुळणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे शोध नव्हे, आणि हे मी फार महागात शिकले, म्हणून तुला सविस्तर सांगते. एका वर्षी मी उंदरांना जवसाचे तेल देत होते. आपल्या विदर्भातले हे पीक, घरोघरी जवसाची चटणी. तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-3 मेदाम्ल भरपूर. आमच्याकडे तेव्हा लीबरमान-बुर्चार्ड पद्धतीने कोलेस्टेरॉल मोजत. अ‍ॅसेटिक अनहायड्राइड आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडले की नळीत आधी गुलाबी छटा येते, मग निळसर, आणि अखेरीस गर्द हिरवा रंग चढतो; ठरलेल्या मिनिटाला, अंधारातून काढून, लाल फिल्टरवर त्याचे वाचन घ्यायचे. मे महिना होता. 34.6 अंशांना उकळणारे ईथर आम्ही बर्फात बुडवल्याशिवाय उघडत नसू. तेलाच्या गटाचे आकडे नेहमीच्या आहाराच्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी आले. दोन महिने मी त्या आनंदात होते. निबंधाचा मसुदाही तयार झाला होता.

मग एके दिवशी नळ्या मांडताना लक्षात आले की नेहमीच्या आहाराचा गट मी रोज सकाळी सहाला, कूलरच्या गार हवेत मोजत होते आणि तेलाचा गट दुपारी, जेव्हा खोलीत 40 अंशांच्या वर तापमान असे. उष्णतेत हा रंग लवकर चढतो आणि लवकरच फिका पडू लागतो; मी ठरलेल्या मिनिटाला वाचन घेत असे तोवर दुपारच्या नळ्यांतला हिरवा रंग उतरणीला लागलेला असे. दुसऱ्या दिवशी मी क्रम उलटा केला, प्रत्येक खेपेला सोबत प्रमाण द्रावण, म्हणजे किती कोलेस्टेरॉल आहे ते आधीच माहीत असलेले द्रावण, ठेवले, आणि अर्ध्याहून अधिक फरक नाहीसा झाला. त्या संध्याकाळी मी फुटाळ्याच्या काठावर अंधार पडेपर्यंत बसून होते. मसुदा मी मागे घेतला. पुढची सगळी मोजणी पाण्याच्या टाकीत तापमान राखून, दोन्ही गटांच्या नळ्या आलटून पालटून लावून केली. उरलेला छोटा फरक खरा होता. त्याच्यावर मी पुढची सहा वर्षे काम केले, आणि ती माझ्या आयुष्यातली सर्वांत समाधानाची वर्षे होती.

दुसरी गोष्ट सीरमची, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाची. काही वर्षे मी संध्याकाळी एका खासगी प्रयोगशाळेतले अहवाल तपासत असे. 38 वर्षांच्या एका गृहस्थांचे एकूण कोलेस्टेरॉल 240, एचडीएल, म्हणजे लोक ज्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते, 35 आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 620 आले. फ्रीडवाल्ड यांच्या 1972 सालच्या सूत्राने, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग आणि एचडीएल एकूण कोलेस्टेरॉलमधून वजा करून, एलडीएल 81 निघाले आणि मी सही केली. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधली ती नळी उचलली, तर सीरम दुधासारखे गढूळ होते आणि वर दुधावर यावी तशी सायीची पांढरी चकती जमली होती. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले की हे सूत्र लावायचे नसते, हे मला पाठ होते. नळी न बघता केवळ कागद बघितला म्हणून ते हातून सुटले. त्यांना 81 हा आकडा चांगला वाटला असणार, म्हणून मी स्वतः इतवारीत त्यांच्या घरी जाऊन सुधारलेला अहवाल दिला आणि डॉक्टरांकडे पुन्हा जायला सांगितले. तसे सीरम मी त्यानंतर वारंवार पाहिले. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी ही आपल्याकडच्या लोकांत सर्रास आढळणारी जोडी आहे. एचडीएल वाढवले की भागेल, असे एके काळी वाटत होते. पण 2006 साली टॉर्सेट्रापिब या औषधाने एचडीएल पुष्कळ वाढूनही रुग्णांतले मृत्यू वाढलेले दिसले आणि चाचणी थांबवावी लागली. त्या सायीच्या नळीकडे पाहून मला पडलेले बहुतेक प्रश्न अजून तसेच उभे आहेत. हा विषय संपला, असे मी तुला कोणत्या तोंडाने म्हणू?

आता तुझ्या पेशी. स्टॅटिन दिल्यावर पेशीचे स्वतःचे कोलेस्टेरॉल कमी पडून एलडीएल रिसेप्टर वाढायला हवा आणि तो वाढत नाही, असे तू सांगितलेस. तू पेशी कोणत्या सीरममध्ये ठेवतोस, हे फोनवर विचारायचे राहून गेले. नेहमीच्या गोवत्स सीरममध्ये एलडीएल असतेच. त्यात ठेवलेल्या पेशी आधीच तृप्त असतात आणि रिसेप्टर वर काढत नाहीत. औषध देण्याआधी त्यांना लिपोप्रोटीन काढून टाकलेल्या सीरममध्ये ठेवून पाहा. दुसरे, तुझे स्टॅटिन सिम्वास्टॅटिन असेल तर ते लॅक्टोनच्या, म्हणजे बंद वलयाच्या, रूपात येते. यकृत ते वलय उघडते, पण बशीतल्या पेशी ते पुरेसे उघडतीलच असे नाही. सोडियम हायड्रॉक्साइडने ते आधी उघडून, पीएच पुन्हा जुळवून मग वापर. या दोन्ही गोष्टी तुझ्या हाताने कर, कोणाकडून करवून घेऊ नकोस, आणि औषध न दिलेली बशी त्याच दिवशी, त्याच तासाला शेजारी ठेव.

एवढे करूनही एखाद्या बशीतल्या पेशी दाद देत नसतील, तर त्या फेकून देऊ नकोस. त्यांच्या दोन कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेव आणि वहीत तारीख घालून सगळे लिहून काढ, अगदी बाटलीवरचा लॉट नंबरसुद्धा. मग मला फोन कर, रात्रीचे कितीही वाजले असले तरी.

जवसाच्या चटणीचा डबा उद्याच्या पार्सलने निघेल. बाबांचा आशीर्वाद. सीरमचे काय निघाले ते कळव.

तुझी,
आई