डाव्या हातमोज्याच्या मावशींना

घाटावरच्या मावशी,

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र असं उघडंच लिहिते. तुमची मुलगी नर्सिंगला आहे म्हणालात. तिच्या मोबाइलवर पोचलं तर ती लगेच ओळखेल, कारण परवा घरी गेल्यावर तुम्ही नक्की शोधाशोध केली असणार, की माझा एक मोजा कुठं गेला. तो माझ्याकडे आहे.

मी गौरी विसर्जनाच्या दिवशी पुण्यातल्या ओंकारेश्वराजवळच्या घाटावर निर्माल्याच्या ढिगापाशी रडवेली होऊन उभी असलेली आठवीतली मुलगी.

आम्ही बावीस जण आलो होतो. आणणाऱ्यांनी टोप्या दिल्या, हातमोजे दिले, बॅनर धरायला लावला. फोटो झाला आणि हातमोजे परत गोळा केले! दुसरी मुलं येणार होती, त्यांच्या फोटोला लागणार होते. मग एकेक केळं आणि प्रमाणपत्र. माझ्या प्रमाणपत्रावर ‘उल्लेखनीय सेवा’ असं आधीच छापलेलं होतं. तोवर मी फक्त टोपी घातली होती. मग ते गेले, पाठोपाठ बरीच मुलंही गेली. मी थांबले, कारण बाबा साडेसातला न्यायला येणार होते. सेवाभाव वगैरे काही नव्हता, खरं सांगते.

तेवढ्यात एक काका निर्माल्याची पिशवी घेऊन आले. मी हात पुढे केला. डावा. “देवाचं आहे, उजवा हात नाही का तुला?” असं म्हणून त्यांनी पिशवी मागे घेतली आणि सरळ नदीत भिरकावली. प्लॅस्टिकसकट.

तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत. मलाही ‘जाऊ दे बाळा’ म्हणाला नाहीत. तुम्ही तुमच्या डाव्या हातातला रबरी मोजा ओढून काढलात. काढताना तो उलटा झाला होता, तो सुलटा केलात, आत चिकटलेली बोटं सुटावीत म्हणून फुंकर मारलीत आणि माझ्यापुढे धरलात. “डावरी ना तू? मग ह्यो तुझा. माझं उजव्यानं भागतंय.”

मोजा आतून ओला आणि गरम होता. एरवी मला किळस आली असती.

मावशी, माझा डावा हात लोकांना दिसतो तो फक्त प्रसाद घेताना. तेव्हा आजी त्याच्यावर चापट मारते. आणि मदतीचं म्हणाल तर लोक देतात ते बहुतेक त्यांना नको झालेलं असतं, आमच्याकडचे जुने स्वेटर धरून. तुम्ही तुम्हाला लागणारी वस्तू दिलीत, तीही माझा हात कुठला ते बघून. हे आमच्या मूल्यशिक्षणाच्या तासाला कसं शिकवणार, मला खरंच कळत नाही.

मग दोन तास आपण दोघींनी एका जोडीवर काम केलं. हार हातात आला की आधी टाचणी शोधायची, मग दोरी ओढायची. केवड्याचं पान कडेने धरायचं नाही, काटे असतात. झिरमिळ्या खतात कुजत नाहीत, त्या वेगळ्या. पूजेच्या पुस्तकातल्या एकवीस पत्री मला नुसत्या नावाने माहीत होत्या. कपड्याला चिकटून बसतो तो आघाडा, हे तुम्ही दाखवलंत. थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे असं प्रकल्पात लिहून मी दहापैकी नऊ गुण मिळवलेत. तुमच्यासमोर अख्खं थर्माकोलचं मखर येऊन पडलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, “बंदी हिथवर पोचली नाय अजून.”

तुमच्या गळ्यातलं ओळखपत्र मी वाचत होते ते तुमच्या लक्षात आलं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही तुमची कचरावेचकांची संघटना १९९३ साली सुरू झाली तेव्हा तुम्ही माझ्याएवढ्या होतात, आईबरोबर कचरापेट्या धुंडाळत होतात, आणि पोत्यात काय आहे म्हणून कुणीही हटकायचं. कार्ड आल्यावर आईने ते झोपतानाही काढलं नाही, म्हणालात. मग मला विचारलंत, तुझं कसलं कार्ड हाय ते? मला प्रमाणपत्र दाखवायची लाज वाटत होती. तुम्ही हात पदराला पुसून ते दोन बोटांत धरलंत, सगळं वाचलंत आणि म्हणालात, “चांगलं हाय. घडी घालू नको.”

घातली नाही.

बाबांचा हॉर्न वाजला तशी मी पळाले, मोजा हातातच राहिला. तेव्हापासून तुम्ही एकाच मोज्यावर काम करताय हे आठवलं की जेवण जात नाही. मोजा डेटॉलच्या पाण्यात धुऊन वाळवलाय. अनंत चतुर्दशीला रस्ते बंद असतात, पण शनिवार पेठेत आत्या राहते, तिच्याकडून चालत चारपर्यंत घाटावर येते. आईने सहा नव्या जोड्या आणून दिल्यात, त्या तुम्हाला आणि तुमच्याबरोबरच्या मावश्यांना. हा जुना डावा, चालत असेल तर, त्या दिवशी मीच घालेन.

तुमची,
डावरी